व्हेंटिलेटरवरचा पेशंट, नाकातला स्वॅब आणि 'फ्लू निगेटिव्ह'

रात्रपाळी (धागाकर्ती)

रात्री दोनला फोन येतो. "मॅडम, बेड चारचा फ्लू निगेटिव्ह आलाय. आयसोलेशन काढू? ऑसेल्टामिव्हिर बंद करू?" (ऑसेल्टामिव्हिर म्हणजे फ्लूचं औषध.)

माझा प्रश्न ठरलेला असतो. नमुना कुठला? पलीकडे शांतता. मग कागद चाळल्याचा आवाज. "नाकातला, मॅडम." आजाराच्या कितव्या दिवशी घेतला? पुन्हा कागद.

अतिदक्षता विभागात बरीच वर्षं काढल्यावर माझं एक ठाम मत झालंय, ते इथे मांडते. चर्चा झाली तर हवीच आहे. व्हेंटिलेटरसाठी श्वासनळीत नळी टाकलेल्या पेशंटच्या नाकातला स्वॅब निगेटिव्ह आला, तर त्याचा अर्थ 'नाकात सापडला नाही' एवढाच घ्यायचा. 'फ्लू नाही' हे वाक्य त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नसतं, ते आपण मनात वाचतो.

असं का, ते थोडक्यात. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार दिवस लागतात. लक्षणं सुरू व्हायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाचसात दिवस नाक-घशात विषाणू असतो, पण भरपूर असतो तो पहिल्या तीनचार दिवसांत. आमच्याकडे पेशंट येतो कधी? आधी घरी ताप अंगावर काढलेला, मग दवाखाना, मग वॉर्ड, आणि दम लागल्यावर आमच्याकडे. तोवर पाचवा-सहावा दिवस उजाडलेला असतो. नाकातला विषाणू ओसरायला लागलेला, पण फुप्फुसात त्याचं काम जोरात चालू. उंबऱ्यावर चपला दिसल्या नाहीत म्हणून घरात कोणी नाही, असं धरून चालत नाही.

२००९च्या एच१एन१ साथीत हे ठळकपणे समोर आलं. गंभीर पेशंटचे दोन्हीकडचे नमुने, म्हणजे वरचा नाक-घशातला आणि खालचा फुप्फुसाकडचा, जिथे तपासले गेले, तिथे खालचा पॉझिटिव्ह असलेल्या साधारण दहातल्या एकदोघांचा वरचा नमुना निगेटिव्ह होता. म्हणून आयडीएसए या अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय: श्वास निकामी होऊन व्हेंटिलेटरवर गेलेल्या पेशंटमध्ये वरचा नमुना निगेटिव्ह आला तरी संशय असेल, तर नळीतून ओढलेला स्राव किंवा ब्रॉन्कोस्कोपीने घेतलेलं फुप्फुसाचं धुवण, म्हणजे बाल, तपासायला पाठवा.

नळी तर आधीच आत आहे. दर दोनतीन तासांनी सक्शन होतंच. फुप्फुसाचा नमुना रोज आपल्या डोळ्यांदेखत कचऱ्यात जातो, आणि आपण नाकात काडी घालून निर्णय घेतो!

बाकीच्यांचे अनुभव वाचायला आवडतील. लॅबवाल्यांनी जरूर यावं, शिव्या खायची तयारी ठेवून लिहिलंय.

सूक्ष्मदर्शी

शिव्या नाही, पण तक्रार आहे. सूक्ष्मजीवशास्त्र विभागातून लिहितोय.

तुमच्या रात्री दोनच्या फोनमध्ये एक प्रश्न राहिला: तपासणी कुठली? फॉर्मवर 'रॅपिड फ्लू' लिहून येतं. 'रॅपिड' या एका शब्दाखाली दोन पूर्ण वेगळ्या तपासण्या आहेत.

पहिली अँटिजेनची पट्टी. विषाणूचं प्रथिन पकडते, १०-१५ मिनिटांत रेघ दिसते. २०१२ साली अनेक अभ्यास एकत्र करून जो हिशोब निघाला, त्यात या पट्ट्यांची संवेदनशीलता (फ्लू असलेल्यांतले किती पकडले) सुमारे ६२ टक्के आणि विशिष्टता (फ्लू नसलेल्यांतल्या किती जणांना बरोबर निगेटिव्ह म्हटलं) सुमारे ९८ टक्के होती. म्हणजे रेघ उमटली तर विश्वास ठेवा, नाही उमटली तर काहीच कळलं नाही असं समजा. नंतर अमेरिकेच्या एफडीएने २०१७मध्ये निकष कडक केले आणि पट्ट्या जरा सुधारल्या, पण अतिदक्षता विभागात त्यांच्या निगेटिव्हवर विसंबू नये ते नयेच.

दुसरी रॅपिड मॉलिक्युलर. ही विषाणूचा आरएनए वाढवून पकडते, साधारण १५ ते ३० मिनिटांत निकाल. ही खूपच चांगली. आणि तिसरी आमच्या लॅबमधली नेहमीची आरटी-पीसीआर, जिला यंत्रावर काही तास लागतात, पण बॅच लागेपर्यंत ताटकळावं लागतं ते धरून दिवस जातो. मल्टिप्लेक्स पॅनेल असेल तर एकाच नमुन्यात फ्लू ए, फ्लू बी, आरएसव्ही, करोना आणि आणखी डझनभर विषाणू तासा-दीड तासात.

आता मूळ दुखणं. बरीचशी छोटी रॅपिड यंत्रं फक्त नाकाच्या किंवा नासाघशाच्या स्वॅबसाठीच प्रमाणित आहेत. त्यात नळीतला चिकट स्राव घालून चालत नाही. कोणी तरी उत्साहात घालतं आणि मग 'इनव्हॅलिड' आलं की आम्हाला फोन. खालचा नमुना पाठवायचा तर ज्या लॅबने त्या नमुन्यासाठी आपली पीसीआर पडताळून घेतली आहे, तिथेच पाठवा. आधी विचारा. विचारायला फोन केला तर आम्हाला राग येत नाही.

अवांतरप्रेमी

वाचतोय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे बाळबोध प्रश्न. ती पट्टीवाली तपासणी घरी केली आणि निगेटिव्ह आली, तर माणूस निर्धास्त होऊ शकतो का? आणि मग ती बनवतातच कशाला?

तिरकीरेघ

@अवांतरप्रेमी, प्रश्न बाळबोध नाही, सगळ्यात महत्त्वाचा आहे. मी आकडेमोडीतला माणूस, वैद्यकातला नाही. सूक्ष्मदर्शींनी दिलेले ६२ आणि ९८ घेऊन गणित करून बघू.

साथ ऐन भरात आहे. तीव्र न्यूमोनियाचे १०० पेशंट आले, त्यातल्या ३० जणांना खरोखर फ्लू आहे असं धरू. पट्टी त्यातल्या १९ जणांना पकडेल, ११ सुटतील. उरलेल्या ७० जणांत एखाद्याला उगाच पॉझिटिव्ह म्हणेल. म्हणजे हातात आलेले निगेटिव्ह रिपोर्ट सुमारे ८०, आणि त्यातले ११ खोटे. सात निगेटिव्हमागे एक जण फ्लूचा. व्हेंटिलेटरवरच्या माणसाचं औषध या भरवशावर बंद करणार का?

आता उलट बाजू. साथ नाही, हंगाम नाही. १००० जणांना पट्टी लावली, फ्लू फक्त २० जणांना. पट्टी १२ पकडेल. पण फ्लू नसलेल्या ९८० जणांतले दोन टक्के, म्हणजे जवळजवळ २० जण, खोटे पॉझिटिव्ह. एकूण ३२ पॉझिटिव्ह, त्यातले खरे १२. तीच पट्टी, तोच कारखाना, फक्त बाहेरची हवा बदलली आणि पॉझिटिव्हचा अर्थ बदलला.

तेव्हा 'तपासणी किती चांगली' हा अर्धाच प्रश्न. तपासणीआधी तुमचा संशय किती होता, हा उरलेला अर्धा.

रात्रपाळी

तिरकीरेघ, हे निवासी डॉक्टरांना फळ्यावर शिकवायला उचलतेय, हरकत नसावी.

यात एक भर. पट्टीऐवजी नाकातल्या नमुन्याची पीसीआर केली आणि व्हेंटिलेटरवरच्यांत ती ८५ टक्के पकडते असं निव्वळ गणितापुरतं धरलं, तर त्याच ३० जणांतले चारपाच सुटतात. निगेटिव्ह रिपोर्ट सुमारे ७५, म्हणजे सोळा-सतरामागे एक खोटा. पट्टीपेक्षा कितीतरी बरं, तरी शून्य नाही. आणि हा दोष यंत्राचा नाहीच. यंत्राला जे दिलं त्यात विषाणू नव्हता.

@अवांतरप्रेमी, पट्टीचा उपयोग आहे. पहिल्या दोन दिवसांत, त्यातही लहान मुलांत, नाकात विषाणू मुबलक असतो, तेव्हा ती बरी चालते. पॉझिटिव्ह आली की लगेच वेगळं ठेवता येतं. निर्धास्त मात्र होऊ नका.

निळीछत्री

हा धागा वाचून हात थरथरतायत. लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं.

माझी आई दम्याची पेशंट. ताप फारसा नव्हताच, खोकला आणि दम. पाचसहा दिवसांनी श्वास इतका चढला की थेट आयसीयूत नेऊन नळी टाकली. पहिल्याच दिवशी नाकातून तपासणी झाली, निगेटिव्ह. फ्लूचं औषध सुरू केलं होतं ते थांबवलं, दम्याचा झटका म्हणून उपचार चालू राहिले. चौथ्या दिवशी ड्यूटीवर दुसऱ्या डॉक्टर होत्या. त्यांनी नळीतून काढलेला स्राव पाठवला. इन्फ्लुएन्झा ए. औषध पुन्हा सुरू झालं.

आई घरी आली, आज चालतेफिरते. पण मधले ते दिवस मला सोडत नाहीत. मी दाराशी उभी होते, निगेटिव्ह आला म्हणून देवाला हात जोडले होते. ती चूक होती का, आणि मला काही विचारता आलं असतं का? हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही, कोणाला दोष द्यायला आलेले नाही.

रात्रपाळी

निळीछत्री, तुम्ही लिहिलंत हे बरं झालं.

औषध मध्येच थांबलं नसतं तर आई लवकर सुटल्या असत्या का, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. ऑसेल्टामिव्हिरचा सगळ्यात जास्त फायदा पहिल्या ४८ तासांत, आणि आई आयसीयूत आल्या तेव्हा तो काळ उलटून गेला होता. गंभीर पेशंटना आम्ही उशिरा का होईना देतोच, कारण निरीक्षणात्मक अभ्यासांत फायदा दिसतो आणि औषध तसं निरुपद्रवी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४च्या सूचनांतही गंभीर फ्लूसाठी त्याची सशर्त शिफारस केली आहे. सशर्त अशासाठी, की पुरावा तितका भक्कम नाही.

पण नाकातल्या एका निगेटिव्हवर ते थांबवायला नको होतं, हे माझं मत. तुमची तिथे काही चूक नाही. दम्याचा किंवा सीओपीडीचा (फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा) झटका हे फ्लूचं अगदी नेहमीचं सोंग आहे. म्हाताऱ्या माणसांत ताप नसतो, नुसती गुंगी असते. कधी तो हृदयविकाराच्या झटक्यामागून येतो. २०१८मध्ये कॅनडात झालेल्या एका अभ्यासात, फ्लूचं निदान पक्कं झाल्यापासून पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सुमारे सहापट आढळली होती. हंगामात आयसीयूत 'श्वासाचं काहीतरी' घेऊन येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करावी असं म्हणतात ते यासाठीच.

नातेवाइकांना विचारता येण्यासारखा प्रश्न एकच: "नळीतला नमुना पाठवलाय का?" कोणीही चिडणार नाही. चिडलं तर चिडू दे.

वॉर्डसिस्टर

इतका वेळ सगळे डॉक्टरच बोलतायत. नमुना घेतं कोण? आम्ही.

नाकातला स्वॅब म्हणजे नाकपुडीत काडी फिरवून बाहेर, असं नसतं. नवीन मुलं काडी वर, कपाळाच्या दिशेने घालतात. ती सरळ मागे जायला हवी, टाळूला समांतर. नाकपुडीपासून कानाच्या पाळीपर्यंतचं जे अंतर, त्याच्या साधारण निम्मं आत. मागे अडल्यासारखं लागलं की थांबायचं, हळू गोल फिरवायची, काही सेकंद तशीच ठेवायची म्हणजे ओलावा शोषला जातो. शुद्धीतल्या माणसाच्या डोळ्यांतून टचकन पाणी येतं. आमच्या गुंगीतल्या पेशंटच्याही पापण्या कधी कधी ओल्या होतात. नाही झाल्या तर मी मनात म्हणते, पोचलो नाही वाटतं.

एका नाकपुडीत राइल्स ट्यूब (पोटात जाणारी नळी) असते, तर दुसरीतून घ्या. प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर आधी विचारा, नाकातून रक्ताची धार लागली की थांबता थांबत नाही. डोक्याला मार लागून कवटीच्या तळाचं हाड मोडलेल्या पेशंटच्या नाकात काडी घालायचीच नाही. काडी कृत्रिम धाग्याची, प्लास्टिकच्या दांड्याची. लाकडी दांड्याची किंवा कापसाची नको, त्यातली द्रव्यं पीसीआरला अडथळा करतात.

आता नळीतला नमुना. सक्शन कॅथेटर आणि मशीनची नळी यांच्यामध्ये म्युकस ट्रॅप (स्राव साठवायची छोटी बाटली) जोडायचा. आधी ऑक्सिजन शंभर टक्के, मग कॅथेटर आत. नळीतून गुलाबीसर पिवळा स्राव सरकत येतो आणि ट्रॅपच्या तळाशी थबकतो. दोन मिली मिळाला तरी पुरतो. येत नसेल तर लोक धडाधड सलाइन सोडतात. थोडं चालतं, पण बादलीभर ओतून जे येतं ते सलाइनच असतं. एन९५ आणि डोळ्यांना आवरण विसरू नका, सक्शनमध्ये तुषार उडतात.

लेबलवर 'ईटी स्राव' (ईटी म्हणजे श्वासनळीतली नळी) असं लिहा. नुसतं 'रेस्पिरेटरी सॅम्पल' लिहिलं की पुढे सगळा घोळ. आणि फ्रिजमध्ये ठेवायचा, फ्रीजरमध्ये नाही. २ ते ८ अंश, जास्तीत जास्त ७२ तास. एका सुटीच्या दिवशी आमच्याकडे ट्रॅप सकाळपासून नर्सिंग काउंटरवर होता, मॉनिटरच्या मागे. संध्याकाळी सापडला. तो निगेटिव्ह आला असता तर कोणाचा दोष? (फेकून दुसरा घेतला.)

सूक्ष्मदर्शी

सिस्टर, साष्टांग नमस्कार. हे छापून प्रत्येक काउंटरवर लावायला हवं.

एकच जोडतो. आमच्या यंत्रात विषाणूबरोबर एक अंतर्गत नियंत्रण धावतं. काही किट्समध्ये ते माणसाच्याच पेशींतल्या आरएनेज पी या जनुकाचं असतं. तेच उमटलं नाही, तर नमुन्यात पेशी नव्हत्या किंवा स्राव इतका चिकट होता की रसायनं अडली. त्याला 'इनव्हॅलिड' म्हणतात. इनव्हॅलिड म्हणजे निगेटिव्ह नव्हे! नमुना पातळ करून परत लावतो, नाहीच जमलं तर नवा मागतो. मागितला की कृपया पाठवा, "कालच तर पाठवला होता" ऐकून कान किटलेत.

घडीभर

नमस्कार, मी निवासी डॉक्टर, आयसीयूत दुसरा महिना. नेमकी हीच अडचण आत्ता समोर आहे. सीओपीडीचे पेशंट, ████████, आजाराचा सातवा दिवस, नळी टाकून दुसरा. छातीच्या फोटोत दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके. नाकातल्या स्वॅबची पीसीआर निगेटिव्ह. सर म्हणतात औषध चालू ठेव, दुसरे सर म्हणतात बंद कर. सीटी व्हॅल्यू मागवली तर काही कळेल का? शिवाय रक्तातली अँटिबॉडी तपासली तर?

संपादक

घडीभर, पेशंटचं वय आणि घरची माहिती काढून टाकली आहे. ओळख पटेल असं काही लिहू नका. चर्चा चालू द्या.

रात्रपाळी

घडीभर, रक्ताचा प्रश्न आधी, कारण तो लवकर संपतो. अँटिबॉडीसाठी दोन नमुने लागतात, एक आत्ता आणि एक दोनतीन आठवड्यांनी, आणि पातळी चौपट वाढली तर निदान. तोवर पेशंट घरी गेलेला असतो, किंवा गेलेला असतो. एकट्या नमुन्याचा काही उपयोग नाही. रक्त, लघवी, पाठीतलं पाणी यांत फ्लू शोधायला जाऊ नका. फ्लूमुळे मेंदूवर परिणाम झालेल्यांच्याही पाठीतल्या पाण्यात विषाणू बहुधा सापडत नाही.

औषधाचं म्हणशील, तर मी पहिल्या सरांच्या बाजूची. ७५ मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, राइल्स ट्यूबमधून दिलं तरी शोषलं जातं. किडनी बघून डोस कमी कर. गंभीर आहे म्हणून दुप्पट देऊ नकोस, आग्नेय आशियातल्या चाचणीत दुप्पट डोसचा जास्त फायदा दिसला नाही. ट्रॅप आजच लाव. त्याचा निकाल येईपर्यंत औषधही चालू, आयसोलेशनही चालू.

खालचाही नीट घेतलेला नमुना निगेटिव्ह आला आणि दुसरं पटणारं कारण सापडलं, तर मी थांबवते. निगेटिव्हवर कधीच विश्वास ठेवायचा नाही, असं मी म्हणत नाहीये. जिथे आजार आहे तिथला निगेटिव्ह दाखवा, मी ऐकते.

सूक्ष्मदर्शी

सीटी व्हॅल्यूबद्दल. निगेटिव्हला सीटी नसतेच, म्हणून तुझ्या या केसमध्ये प्रश्नच नाही. पण पुढे उपयोगी पडेल. सीटी म्हणजे किती फेऱ्यांनंतर सिग्नल दिसला. आकडा लहान तितका आरएनए जास्त, साधारण ३.३ फेऱ्यांमागे दहापट. ऐकायला फार शास्त्रीय. पण काल स्वॅब घासून घेतला, आज वरवर घेतला, तर पेशंट होता तसाच असून सीटी पाचने चढते. नाकाची सीटी आणि नळीतल्या स्रावाची सीटी यांची तुलना करायला कोणी आलं की मी चहाला निघून जातो.

आणि पीसीआर मेलेल्या विषाणूचाही आरएनए पकडते. गंभीर पेशंट, त्यातही प्रतिकारशक्ती खालावलेले, आठवडेन्‌आठवडे पॉझिटिव्ह राहू शकतात. तेव्हा 'बरा झाला का' हे बघायला रोज पीसीआर नको.

तिरकीरेघ

मग परत तपासायची कधी?

रात्रपाळी

दोनच वेळा. पाच दिवस औषध देऊनही पेशंट ढासळत असेल, तर औषधाला दाद न देणारा विषाणू आहे का ते बघायला. एच१एन१मध्ये एच२७५वाय नावाचा बदल झाला की ऑसेल्टामिव्हिर निष्प्रभ होतं, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत हे उपचार चालू असतानाही घडतं. आणि दुसरी वेळ, पहिला नमुनाच वाईट होता अशी शंका असेल तेव्हा. रोजच्या उत्सुकतेपोटी नाही.

आता जे मला मघापासून लिहायचंय ते. फ्लू पॉझिटिव्ह आला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि शोध थांबतो. तिथे जास्त माणसं दगावतात असं माझं मन सांगतं. फ्लूने श्वासनळीचं अस्तर सोलून काढलेलं असतं, त्यावर स्टॅफिलोकोकस, न्यूमोकोकस हे जिवाणू आरामात बसतात. तरणाताठा माणूस, फ्लूच्या चौथ्या दिवशी थुंकीत रक्त, पांढऱ्या पेशी एकदम खाली आलेल्या: स्टॅफ समजून आधी अँटिबायोटिक, चर्चा नंतर. म्हणून त्याच ट्रॅपमधला स्राव ग्रॅम स्टेन आणि कल्चर या जिवाणू शोधायच्या तपासण्यांनाही जाऊ दे.

आणि बुरशी. २०१८मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या आयसीयूंचा अभ्यास आला, त्यात गंभीर फ्लूच्या १९ टक्के पेशंटना फुप्फुसात अ‍ॅस्परजिलस सापडला. प्रतिकारशक्ती आधीपासून कमी असलेल्यांत ३२ टक्के, पण ज्यांना तसं काहीही नव्हतं त्यांच्यातही १४ टक्के. तेही आयसीयूत आल्यावर पहिल्या काही दिवसांतच. सगळीकडे प्रमाण इतकं असेलच असं नाही, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेशंट कारण नसताना बिघडला, तर मी ब्रॉन्कोस्कोपी करून बालमध्ये गॅलॅक्टोमॅनन, म्हणजे या बुरशीची खूण, बघते. रक्तातला गॅलॅक्टोमॅनन बऱ्याच जणांत सुटतो. आणि फ्लूला म्हणून स्टिरॉइड देऊ नका, दुसरं काही कारण असेल तरच.

अवांतरप्रेमी

हे वाचून माझीच छाती जड झाली. एक विचारू? बातम्यांत येतो तो बर्ड फ्लू या तपासण्यांत कळतो का?

सूक्ष्मदर्शी

नेहमीच्या पीसीआरमध्ये 'फ्लू ए' म्हणून बहुतेक वेळा कळतो, कारण आपण विषाणूच्या मॅट्रिक्स जनुकाचा तुकडा शोधतो आणि तो सगळ्या 'ए'मध्ये बराचसा सारखा असतो. पुढे उपप्रकार लावला की माणसांतले दोन नेहमीचे: एच१ किंवा एच३. ए पॉझिटिव्ह आहे, सिग्नल दणदणीत आहे, आणि एच१ही नाही, एच३ही नाही, तर तो रिपोर्ट टेबलावर ठेवून जेवायला जायचं नाही. ताबडतोब संदर्भ प्रयोगशाळेत आणि आरोग्य खात्याला कळवायचं. सिग्नल क्षीण असेल तर मात्र आरएनए कमी म्हणून उपप्रकार लागला नाही, एवढंच असू शकतं.

इथेही रात्रपाळीताईंचाच मुद्दा. एच५एन१, म्हणजे बातम्यांतला बर्ड फ्लू, पेशींवरच्या ज्या ग्राहींना चिकटतो ते माणसाच्या फुप्फुसात खोलवर जास्त असतात, नाकात कमी. नुसत्या नाकाच्या स्वॅबवर तो हुकू शकतो. घशाचा आणि खालचा नमुना हवाच, आणि डोळे लाल असतील तर डोळ्यांचाही. पक्षी, कोंबड्या, गाईगुरं यांच्याशी संपर्क आला होता का, हे मात्र यंत्र विचारत नाही. ते विचारणारा माणूस लागतो.

वॉर्डसिस्टर

विचारतो आम्हीच. डॉक्टर पानभर हिस्टरी लिहितात, पण 'घरात कोंबड्या आहेत का' हे बिछान्याची चादर बदलताना नातेवाइकांशी गप्पा मारल्यावर कळतं.

निळीछत्री

रात्रपाळीताई, उत्तराबद्दल आभार. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या दुसऱ्या डॉक्टरबाईंचं नाव पण नाही विचारलंस तू.

घडीभर

उशीर झाला, सलग ड्यूटी होती. तर निकाल.

ट्रॅप त्याच संध्याकाळी लावला. पहिला लॅबने इनव्हॅलिड म्हणून परत पाठवला, फार चिकट होता. सूक्ष्मदर्शी सरांचं वाचलेलं असल्यामुळे कुरकुर न करता दुसरा पाठवला. मल्टिप्लेक्स पॅनेलवर: फ्लू ए नाही, फ्लू बी नाही. आरएसव्ही पॉझिटिव्ह. कल्चरमध्ये ४८ तासांत काही वाढलं नाही.

ऑसेल्टामिव्हिर बंद केलं, दोन्ही सरांनी एकत्र सही केली. पेशंटला व्हेंटिलेटरवरून द्यावा लागणारा ऑक्सिजन काल ६० टक्क्यांवरून ४५ वर आणला.

रात्रपाळी

छान. हा निगेटिव्ह मला मान्य.

वॉर्डसिस्टर

घडीभर, दारावरची पाटी बदललीस का? फ्लूची मास्कची पाटी असेल अजून. आरएसव्ही हातांवरून, गाऊनवरून, बेडच्या कठड्यावरून पसरतो. गाऊन आणि ग्लव्हज लागतील.

घडीभर

नाही बदलली. आत्ता जातो.